मोफत गणिती खेळ आणि मराठी संख्यानामे : एक चिकित्सा

प्रस्तावना :
ब्राउझरमध्ये विनामूल्य खेळता येणारे गणिती खेळ आता वर्गाध्यापनात शिरू लागले आहेत. त्यांची निवड मात्र बहुधा रंजकता आणि किंमत या दोनच निकषांवर होते. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हे निकष अपुरे आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचन :
सीताबर्डी येथील एका शिकवणी वर्गात पाहिलेला प्रसंग येथे नोंदवावासा वाटतो. पडद्यावर ४८ + ५ हे उदाहरण आले. तिसरीतील मुलगा ‘त्रेपन्न’ असे अचूक पुटपुटला आणि त्याने ३५ टंकित केले. लाल फुली उमटली, पुढील उदाहरण आले. वास्तविक बेरीज त्याला येत होती. चूक लेखनक्रमाची होती. ‘त्रेपन्न’मध्ये तीन आधी उच्चारले जातात, पन्नास नंतर. ‘एकोणसाठ’मध्ये तर साठ ऐकायचे आणि ५९ लिहायचे! इंग्रजीत एकविसापासून पुढे दशकच आधी येतो. त्यामुळे इंग्रजी भाषक मुलांसाठी रचलेल्या खेळात या चुकीचा विचारच नसतो.

हा प्रश्न नवा नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘पन्नास तीन’ या धर्तीची वाचनपद्धती आली, तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरे व उलट क्रम यांमुळे मुलांना होणाऱ्या त्रासाकडे लक्ष वेधले होते. पद्धतीविषयी मतभेद असू शकतात. त्रास मात्र खराच आहे.

या दृष्टीने दोन उदाहरणे तुलनीय आहेत. ‘प्रॉडिजी’ या कॅनडातील खेळात गणित मोफत असले तरी आकर्षक बक्षिसांसाठी सशुल्क सदस्यत्व पुढे केले जाते. याविरुद्ध २०२१ मध्ये अमेरिकेत तक्रारही झाली. याउलट कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील ‘मेक अ टेन’मध्ये ५३ ही संख्या ओढून ५० व ३ अशी वेगळी करता येते. येथे संख्येची घडण डोळ्यांना दिसते.

निष्कर्ष :
खेळ निवडताना ‘चुकल्यावर तो मुलाला काय दाखवतो?’ हा प्रश्न प्रथम विचारला जावा. उत्तर टंकित करण्यापूर्वी मुलाने ते मोठ्याने उच्चारावे आणि शिक्षकाने ते ऐकावे. अन्यथा ज्याला गणित येते, त्यालाच ‘गणितात कच्चा’ ठरविण्याचे काम हे मोफत साधन करीत राहील.