पर्यावरणीय नुकसानभरपाईचे सूत्र आणि वऱ्हाडचा ग्रामीण परिसर : एक चिकित्सा

प्रस्तावना

पर्यावरणविषयक कायद्यांची परिणामकारकता केवळ त्यांतील कलमांवर अवलंबून नसते. ती कलमे मोडणाऱ्याकडून काय वसूल होते आणि वसूल झालेले कोणाच्या उपयोगी पडते, यावरही ती तेवढीच अवलंबून असते. जल अधिनियम १९७४, हवा अधिनियम १९८१ आणि पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ या तीन कायद्यांनी भारतात प्रदूषण-नियंत्रणाची चौकट उभी केली. या कायद्यांचा मूळ भर फौजदारी शिक्षेवर होता. अलीकडे तो दंड व नुकसानभरपाई यांच्याकडे सरकला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समितीने २०१९ मध्ये मांडलेल्या नुकसानभरपाईच्या सूत्राची चिकित्सा प्रस्तुत लेखात अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर तालुक्याच्या संदर्भात केली आहे.

शिक्षेकडून भरपाईकडे

बिछडी प्रकरणात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व ठामपणे लागू केले. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने विहिरी व जमिनी निकामी झाल्या होत्या. तेथे भरपाईचा आधार कारखान्याचा आकार हा नव्हता; जमीन व पाणी पूर्ववत करण्यास येणारा प्रत्यक्ष खर्च हा होता. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ प्रकरणात (२०००) न्यायालयाने आणखी एक भेद स्पष्ट केला : शिक्षा म्हणून द्रव्यदंड करावयाचा तर कायद्यानुसार खटला चालून दोष सिद्ध व्हावा लागतो, नुकसानभरपाईचे दायित्व मात्र त्याहून वेगळे आहे.

जनविश्वास अधिनियम २०२३ ने पर्यावरण (संरक्षण) अधिनियमातील कारावासाची मुख्य तरतूद काढून तेथे १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला. हा बदल १ एप्रिल २०२४ पासून अमलात आला. पुढे ४ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली प्रदूषण नियंत्रण समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण नियंत्रण मंडळांना जल व हवा अधिनियमांखाली भरपाई आकारण्याचा अधिकार असल्याचे मान्य केले. मात्र त्यासाठी आधी नियम करणे आवश्यक ठरविले. अशी भरपाई शिक्षास्वरूप नसून परिसर पूर्वस्थितीत आणण्यासाठी आहे, हे या निर्णयाचे सूत्र होय. प्रचलित सूत्र या कसोटीस कितपत उतरते, हा खरा प्रश्न आहे.

सूत्राची रचना

समितीच्या सूत्रानुसार पाच घटकांचा गुणाकार करून रक्कम ठरते : उद्योगाच्या वर्गाचा प्रदूषण निर्देशांक (लाल ८०, नारिंगी ५०, हिरवा ३०), उल्लंघनाचे दिवस, रुपयांतील गुणक (१०० ते ५००, सुचविलेला २५०), उद्योगाचा आकार (लघु ०.५, मध्यम १, मोठा १.५) आणि स्थान-गुणक. स्थान-गुणक शहराच्या लोकसंख्येवर ठरतो. दहा लाखांखालील शहरासाठी तो १, तर एक कोटी व त्याहून मोठ्या शहरासाठी २ आहे. किमान आकारणी दिवसाला ५,००० रुपये आहे.

या सूत्राचे गुण नाकारण्याचे कारण नाही. रक्कम ठरविताना अधिकाऱ्याच्या मर्जीस फारसा वाव उरत नाही आणि उद्योजकालाही उल्लंघनाची किंमत आधीच कळते. बेन्झो केम प्रकरणात (२०२४) सर्वोच्च न्यायालयाने उलाढालीवरून रक्कम ठरविण्याची पद्धत नाकारली. हे पाहता निश्चित मोजमापाची गरज उघड आहे.

वऱ्हाडच्या संदर्भात चिकित्सा

नांदगाव खंडेश्वर तालुका प्रामुख्याने कोरडवाहू आहे. कपाशी, सोयाबीन आणि तूर ही येथील मुख्य पिके होत. समजा, या तालुक्यातील एका लघु गिट्टी क्रशरने संमतीच्या अटी मोडल्या. २०१६ च्या वर्गवारीत क्रशर नारिंगी वर्गात येतो. म्हणजे ५० × २५० × ०.५ × १ या हिशेबाने दिवसाची रक्कम ६,२५० रुपये होते. तोच क्रशर, तेवढीच धूळ उडवीत, मुंबईत असता तर रक्कम १२,५०० रुपये झाली असती.

हा फरक एका तालुक्यापुरता नाही. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती शहराची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४७ हजार आणि अकोल्याची सुमारे ४ लाख २६ हजार होती. या आकड्यांवर वऱ्हाडातील एकही शहर दहा लाखांची मर्यादा गाठत नाही. संपूर्ण वऱ्हाड सर्वांत खालच्या गुणकात बसतो.

दाट वस्तीत अधिक लोकांना बाधा पोहोचते, हे या गुणकामागील समर्थन अंशतः योग्य आहे. परंतु त्यात माणसांची संख्या मोजली जाते, त्यांचे परिसरावरील अवलंबित्व मोजले जात नाही. महानगरातील रहिवाशाचे पाणी दूरच्या धरणातून नळाने येते. कोरडवाहू गावात पिण्याचे पाणी गावच्या विहिरीतून आणि उत्पन्न शेजारच्या शेतातून येते. विहीर नासली वा कपाशीच्या पानांवर धूळ साचली, तर त्या कुटुंबाला दुसरा आधार नसतो. सूत्रातील पाचपैकी एकही घटक विहीर, माती वा पीक यांची स्थिती विचारत नाही.

अपघाती व हेतुपुरस्सर विसर्ग किंवा भूजलात सांडपाणी सोडणे अशा प्रकारांसाठी प्रत्यक्ष हानीच्या स्वतंत्र अभ्यासाची शिफारस समितीने केली आहे, हे नमूद करावयास हवे. तथापि ग्रामीण प्रदूषण बहुधा रोजचे, थोडेथोडे आणि वर्षानुवर्षे साचणारे असते. ते अटींच्या सामान्य उल्लंघनात मोडते आणि म्हणून गुणाकारातच संपते.

दुसरा दोष रकमेच्या विनियोगाचा आहे. भरपाई मंडळाच्या खात्यात जमा होते. बाधित शेतकऱ्याचा तीवर थेट हक्क नसतो. स्वतःच्या नुकसानीसाठी त्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम २०१० च्या कलम १५ खाली वेगळा अर्ज करावा लागतो, आणि पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखालील दंड ठरविणारा अधिकारी राज्य पातळीवर सचिव दर्जाहून कमी नसतो. अशा रीतीने नुकसान गावात, निर्णय राजधानीत आणि रक्कम मंडळाकडे अशी विभागणी होते.

निष्कर्ष

भरपाईचा हेतू परिसर पूर्ववत करणे हा असेल, तर प्रचलित सूत्र तो हेतू अपुराच साधते. ते उल्लंघनाचा दर ठरविते, हानी मोजत नाही. २०२५ च्या निर्णयामुळे आवश्यक ठरलेल्या नियमांत तीन गोष्टींचा समावेश व्हावा. स्थान-गुणकात लोकसंख्येबरोबरच विहिरी व शेतीवरील अवलंबित्व धरावे. वसूल रकमेचा निश्चित वाटा बाधित गावाच्या पाणी व जमिनीच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. तसेच आकारणी, वसुली व खर्च यांचा तपशील ग्रामसभेपुढे ठेवणे मंडळावर बंधनकारक करावे. बिछडी प्रकरणी ३७ कोटी रुपयांहून अधिक रकमेचे दायित्व २०११ मध्ये पुन्हा न्यायालयातून बजावावे लागले. मोजमाप योग्य असूनही वसुली लांबली की गावाच्या हाती काही येत नाही, हा त्या प्रकरणाचा धडा आहे. म्हणून नियमांत वसुलीची मुदतही स्पष्ट असणे अगत्याचे ठरते.