यजमान कोण?

'यजमान' हा शब्द आपल्या भाषेत निष्पाप नाही. यज्ञ ज्याच्या नावाने चालतो आणि पुण्य ज्याच्या पदरी पडते तो यजमान. माझ्या आजोबांनी गावात पाटलाघरची कितीतरी लग्ने पार पाडली. लाकडे फोडली, गावोगाव निरोप पोचवले, शेवटची पंगत उठेपर्यंत मांडवाबाहेर बसून राहिले. पण त्या लग्नांचा यजमान पाटीलच. फुटबॉलच्या जागतिक स्पर्धा आपल्या देशात भरवाव्यात की नाही, या वादाकडे मी मांडवाबाहेरच्या त्या जागेवरून पाहतो.

प्रथम जमेची बाजू. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. नवी मुंबई धरून सहा शहरांत सामने झाले आणि तेरा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. यजमान म्हणूनच भारताला थेट प्रवेश मिळाला होता. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जेक्सन सिंगने हेडरने गोल केला. फुटबॉलच्या विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. संघातल्या एकवीस मुलांपैकी आठ मणिपूरची होती. देशाच्या नकाशात ज्यांना कडेला ठेवले, ती पोरे त्या दिवशी मध्यभागी आली. आपण तिन्ही सामने हरलो, तरी हे मिळवणे खोटे नव्हते. म्हणून यजमानपदाला नुसती 'उधळपट्टी' म्हणून झटकून टाकणारी टीका मला पटत नाही. ज्यांची मुले क्लबच्या हिरवळीवर खेळतात, त्यांना असे बोलणे परवडते.

पण वहीचे दुसरे पानही उलटले पाहिजे. २०२२ साली मुलींची सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. भारताची कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी अस्तम उराँव. तिच्या सन्मानार्थ तिच्या घरापर्यंत रस्ता बांधायला घेतला गेला आणि त्या रस्त्याच्या कामावर तिचेच आईवडील मजुरी करीत होते, हे वर्तमानपत्रांनी छापले. कौतुकाच्या सुरात छापले! मुलीचा गौरव आणि आईबापाच्या डोक्यावर घमेले, यात कोणाला विसंगती दिसली नाही. सन्मान वरून येतो, खडी खालच्यांनी वाहायची, ही आपली जुनीच कामवाटणी आहे.

जेक्सनने गोल केला ते दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी नव्याने सजवले गेले होते. त्या स्पर्धांचा हिशेब आपण विसरता कामा नये. अनुसूचित जातींच्या विकासासाठी राखून ठेवलेल्या घटक योजनेतले ७४४ कोटी रुपये दिल्ली सरकारने स्पर्धांच्या कामांकडे वळवल्याचे माहितीच्या अधिकारातून बाहेर आले. निधी वळवल्याचे त्या वेळच्या गृहमंत्र्यांना राज्यसभेत मान्य करावे लागले. मी वसतिगृहात राहून आणि शिष्यवृत्तीवर शिकून घरातला पहिला पदवीधर झालो. त्यामुळे हा आकडा मला आकडा म्हणून वाचता येत नाही. त्यात किती खोल्या, किती पुस्तके, किती जेवणे होती, हे मला दिसते. पाहुण्यांपुढे ताट आमच्या शिध्यातून वाढले गेले आणि यजमान म्हणून मिरवले दुसरेच.

आता नागपूरकडे येऊ. याच शहरात २००१ साली हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरे पाहिली आणि त्यातून 'स्लम सॉकर' उभे राहिले. त्यावरच्या 'झुंड' (२०२२) या नागराज मंजुळे यांच्या चित्रपटाकडे पुष्कळांनी 'प्रेरणादायी खेळपट' म्हणून पाहिले. हे वाचन अपुरे आहे. चित्रपटातली खरी झुंज वस्ती आणि मैदान यांच्यामधल्या भिंतीशी आहे. मैदानावर जिंकलेल्या मुलीच्या बापाला पासपोर्टसाठी, म्हणजे आपण या देशाचे आहोत हे सिद्ध करण्यासाठी, कागद हुडकत दारोदार फिरावे लागते. जी पोरे तिथे निघाली आहेत, त्या बेघरांच्या विश्वचषकाला भव्य स्टेडियम लागत नाही. अनेकदा शहराच्या चौकात किंवा बागेत लहानसे मैदान आखतात आणि एका बाजूला चौघे खेळतात. मैदान वस्तीपर्यंत नेता येते, याचा हा पुरावा आहे.

हा प्रश्न मागे पडलेला नाही. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारताने इच्छापत्र दिले आहे. उद्या फुटबॉलची मोठी स्पर्धाही येईल. येऊ द्या. पण घटक योजनेच्या पैशाला हात लागणार नाही, याची हमी कायद्याने मिळाली पाहिजे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ साली घटक योजनांसाठी कायदे केले. महाराष्ट्रातल्या चळवळीने ही मागणी सोडता कामा नये. स्पर्धेसाठी एकही झोपडी उठता कामा नये. आणि पाहुणे गेल्यावर मैदानाचे कुलूप वस्तीतल्या पोरांसाठी उघडले पाहिजे.

आम्हाला पाहुणचार येत नाही, असे कोणी म्हणू नये. दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. त्यांना तिकीट नसते, राखीव कक्ष नसतो. नागपूरच्या वस्त्यावस्त्यांतली माणसे पाणी देतात, जेवण वाढतात आणि जाणारा पुस्तक विकत घेऊन घरी जातो. तिथे वाढणारा आणि जेवणारा एकाच पंगतीतला असतो. मांडवाबाहेर कोणी बसलेले नसते. यजमानपद मिरवणाऱ्यांनी ते एकदा येऊन पाहावे.