तुलाधाराचा तराजू : आचार, शम आणि पुण्य

हिंदू नीतिविचारात ‘पुण्य’ या संज्ञेचे दोन अर्थ परस्परांत मिसळून गेलेले आढळतात. एका अर्थी पुण्य हे संचित आहे. दान, व्रत, तीर्थयात्रा व यज्ञ यांच्या अनुष्ठानाने ते वाढते आणि स्वर्गादी फलांच्या उपभोगाने क्षीण होते. दुसऱ्या अर्थी पुण्य म्हणजे कर्त्याची अंतःशुद्धी होय. या दोन अर्थांचा संबंध सांगताना सदाचाराने पुण्य लाभते व शांत चित्ताने ते वृद्धिंगत होते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. विधान निरुपद्रवी दिसते; तथापि त्यात एक अडचण दडलेली आहे. आपल्या पुण्याची मोजदाद करणारे चित्त शांत म्हणावे काय? महाभारताच्या शांतिपर्वातील तुलाधार-जाजलि-संवाद नेमका या अडचणीपाशी येऊन थांबतो, आणि म्हणूनच तो निव्वळ बोधकथा म्हणून वाचून संपत नाही.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत हा संवाद मोक्षधर्मातील २५३ ते २५६ या अध्यायांत येतो. जाजलि हा उग्र तपस्वी. तो खांबासारखा निश्चल उभा असता पक्ष्यांच्या एका जोडप्याने त्याच्या जटांत घरटे बांधले. अंडी फुटली, पिले वाढली, उडू लागली आणि अखेर परत येईनाशी झाली. तोवर त्याने हालचाल केली नाही. मग मात्र आपणांस धर्म साधला, असा उद्घोष त्याने केला. तेव्हा अंतरिक्षातून वाणी झाली की, वाराणसीच्या तुलाधाराची योग्यता त्याला आलेली नाही. मनात अमर्ष धरून जाजलि वाराणसीस गेला, तो तुलाधार दुकानात माल विकीत बसलेला त्यास दिसला.

या कथेचा अर्थ सामान्यतः संन्यासाहून गृहस्थाश्रम श्रेष्ठ, असा लावला जातो. तो अपुरा आहे. कथाकाराला तपाची निंदा करावयाची असती, तर त्याने जाजलीच्या हातून एखादे क्रौर्य घडविले असते. वनपर्वातील कौशिक ब्राह्मण क्रोधाच्या दृष्टीने बगळी जाळतो. जाजलि असे काही करीत नाही. उलट पिलांना इजा होऊ नये म्हणून तो देह झिजवितो. त्याचा आचार अहिंसेचा आहे आणि त्याचे शरीर तर पराकाष्ठेचे शांत आहे. एवढे असून तो उणा ठरतो, हेच या कथेचे मर्म होय. दोष कर्मात नाही. कर्म संपल्यानंतरच्या क्षणात आहे. पक्षी उडून गेले आणि करुणेची जागा हिशेबाने घेतली. कथेच्या अखेरीस तेच पक्षी येऊन स्पर्धा धर्माचा घात करते असे सांगतात व श्रद्धेची महती गातात. ज्यांच्यावर उपकार झाला त्यांच्याच मुखी हा निर्णय घातला आहे, ही योजना लक्षणीय आहे.

बाह्य कर्म आणि आंतर गुण यांच्या तारतम्याचा प्रश्न महाभारताने प्रथमच उपस्थित केला असे नव्हे. गौतमधर्मसूत्राच्या आठव्या अध्यायात चाळीस संस्कार सांगून झाल्यावर दया, क्षमा, अनसूया, शौच, अनायास, मंगल, अकार्पण्य व अस्पृहा हे आठ आत्मगुण दिले आहेत. संस्कार सर्व झाले पण आत्मगुण नाहीत, अशा पुरुषास परमपदाची प्राप्ती नाही, असा तेथील निर्णय आहे. कर्मकांडाचा पुरस्कार करणाऱ्या धर्मसूत्रानेच ही मर्यादा घालावी, यावरून आंतर शम हा आचाराचा अलंकार नसून त्याची अट होती, असे दिसते. आत्मगुणांच्या यादीतील अनसूया व अस्पृहा हेच दोन गुण जाजलीपाशी नाहीत.

तुलाधाराचा शम निराळ्या जातीचा आहे. तो बाजारात सिद्ध होतो. मद्याखेरीज इतर रस, सुगंधी द्रव्ये इत्यादी माल तो कपटावाचून विकतो, आणि आपली तुला सर्व भूतांस सम आहे असे सांगतो. येथे तराजू केवळ उपमान नव्हे. ते त्याच्या उपजीविकेचे साधन आहे. पारडे ज्याच्यासाठी झुकवावे असा कोणी आप्त नाही आणि ज्यास बुडवावे असा कोणी परका नाही, ही मनाची अवस्था मापाच्या अचूकपणातून प्रकट होते. जाजलीच्या निश्चलतेला साक्षीदार लागतो. तुलाधाराच्या समतेला गिऱ्हाईक पुरते.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) कर्माची योग्यता कर्त्याच्या बुद्धीवरून ठरते, यावर भर दिला. तो या संवादाशी सुसंगत आहे. परंतु संवाद एक पाऊल पुढे जातो. जाजलीलाही आपली बुद्धी शुद्धच वाटत होती. यास्तव बुद्धीची साक्ष बुद्धीनेच देऊन चालत नाही. इतरांशी होणाऱ्या नित्य व्यवहारात तिची पारख व्हावी लागते.

संवादात उणीव नाही असे मात्र नाही. तुलाधार नांगराने होणाऱ्या भूमीच्या व प्राण्यांच्या हिंसेकडे बोट दाखवून कृषीला दोष देतो. माणसे धान्यावर व पशूंवरच जगतात, असा जाजलीचा आक्षेप येतो. त्यास मिळणारे उत्तर यज्ञाच्या खऱ्या स्वरूपाकडे वळते. शेतकऱ्याचा प्रश्न तसाच राहतो. धान्य पिकविणाऱ्याचे पाप आणि न पिकविणाऱ्याचे पुण्य अशी वाटणी न्याय्य ठरणार नाही. वनपर्वातील धर्मव्याध हा प्रश्न अधिक प्रांजळपणे हाताळतो. पूर्ण अहिंसक असा कोणीच नाही, प्रयत्नाने हिंसा उणी करता येते, हे मांस विकून जगणारा तो सांगतो. पण आपला व्यवसाय तो पूर्वजन्मीच्या शापाचे फळ मानतो, आणि त्यामुळे जन्मप्राप्त वृत्ती निमूटपणे पत्करण्याचा उपदेश त्याच्या मुखी सहज बसतो. शम आणि निरुपायाची मान्यता यांतील भेद तेथे पुसट होतो. तुलाधाराचा शम या दोषापासून मुक्त आहे. तो काय विकावयाचे व काय नाही याची निवड करतो.

योगसूत्राच्या पहिल्या पादात चित्तप्रसादाचे जे उपाय सांगितले आहेत, त्यांत पुण्याविषयी मुदिता हा एक आहे. तेथे पुण्य प्राधान्याने दुसऱ्याचे आहे. ते पाहून आनंद मानणे हा शमाचा मार्ग आहे. जाजलीने तुलाधाराचे नाव ऐकताच अमर्ष धरला, म्हणजे याच्या नेमके उलट केले. महाभारतकार शेवटी दोघांनाही अल्पकाळात स्वर्ग देतो. संचयाचा जुना अर्थ त्याने टाकून दिलेला नाही. परंतु त्या फलापूर्वी जाजलीला एका वाण्याच्या दुकानापर्यंत चालत जावे लागले आणि दुसऱ्याची योग्यता ऐकून घ्यावी लागली. आचार पुण्यास देह देतो. शम त्यावरील कर्त्याचा हक्क काढून घेतो. हा हक्क सुटल्यावाचून उरते ते केवळ संचित, आणि त्याची तुलना शेजाऱ्याच्या संचिताशी केल्यावाचून मन राहत नाही.