क्रोमॅटिक मीडियंट आणि भावरंग : शूबर्टच्या क्विंटेटमधील एक जागा

रचना शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला क्रोमॅटिक मीडियंट ही कॉर्ड फार लवकर सापडते आणि तितक्याच लवकर तो ती वाया घालवतो. ‘इथे भाव हवा’ असे वाटले की सी मेजरनंतर ए फ्लॅट मेजर वाजवायची, की झाले. तुम्हीही हे करून पाहिले असेल. पहिल्यांदा अंगावर काटा येतो. चौथ्यांदा काहीच होत नाही. असे का होते?

व्याख्या थोडक्यात पाहू. दोन्ही कॉर्ड मेजर किंवा दोन्ही मायनर, त्यांच्या मूळ स्वरांत तिसऱ्याचे अंतर, आणि दोघींत एकच स्वर समान. सी मेजरपासून अशा चार मेजर कॉर्ड निघतात : ई, ई फ्लॅट, ए आणि ए फ्लॅट.

आता हार्मोनियम घ्या. पांढरी एकला षड्ज माना आणि सा, ग, प एकत्र दाबा. ही सी मेजर. प तसाच धरून ठेवा, शुद्ध गंधार कोमल करा, आणि षड्जावरचे बोट खाली मंद्र कोमल निषादावर न्या. ही ई फ्लॅट मेजर. क्षणापूर्वीचा शुद्ध गंधार अजून कानात असतानाच कोमल गंधार येतो. रंग बदलतो तो तिथे. (जोग रागातही दोन्ही गंधार आहेत, पण तिथे ते आरोह-अवरोहाच्या चालीतून येतात, कॉर्डमधून नाही. ही तुलना फार ताणू नका.) हेच संपूर्ण हात वर सरकवून वाजवलेत, तर पंचम मध्ये झाकला जातो आणि कान वरच्या निषादामागे जातो. कॉर्ड तीच, परिणाम अर्धा.

फ्रान्झ शूबर्टने 1828 साली, आयुष्याच्या शेवटच्या काही महिन्यांत, सी मेजरमधील स्ट्रिंग क्विंटेट लिहिले. पहिल्या भागात संगीत जोरात चढत पंचमावर, म्हणजे जी या स्वरावर, येऊन थांबते. त्या काळच्या श्रोत्याची अपेक्षा ठरलेली : आता हाच पंचम नवा षड्ज होणार, दुसरी धून जी मेजरमध्ये येणार. शूबर्ट पंचम सोडत नाही, पण त्याच्याखालची जमीन बदलतो. आवाज अगदी मंद होतो आणि दोन चेलो ई फ्लॅट मेजरमध्ये गाऊ लागतात. ज्या स्वराला षड्ज व्हायचे होते, तो आता गंधार आहे. धून लांब आहे, तिला घाई नाही. आणि ती सरल्यावर एक्स्पोझिशनचा शेवट जी मेजरमध्येच होतो. अपेक्षा मोडलेली नव्हती, लांबवलेली होती. माझ्या मते या जागेची आर्तता त्या लांबणीत आहे. मृत्यूच्या छायेत लिहिले म्हणून असे वाटते, हे नेहमीचे स्पष्टीकरण मला आळशीपणाचे वाटते. ते स्वरांकडे पाहण्याचे कष्ट वाचवते, इतकेच.

बीथोव्हेनने ‘वाल्डस्टाइन’ सोनाटात असेच केले होते. सी मेजरमधून दुसरी धून ई मेजरमध्ये. पण तो बी मेजरवर बराच वेळ थांबून ई ची वाट आधी तयार करतो, त्यामुळे ती धून आली की सुटका वाटते. शूबर्टची वाट तयार केलेली नाही. म्हणून तिथे दचकणे आहे आणि लगेच विसावाही.

उलट जॉन विल्यम्सच्या ‘इम्पीरियल मार्च’मध्ये (1980) जी मायनर आणि ई फ्लॅट मायनर शेजारी येतात. नाते पुन्हा तिसऱ्याचेच, समान स्वर एकच, पण वाटते ती दहशत. दोन्ही कॉर्ड मायनर, ताल लष्करी, ब्रासचा कडक आवाज आणि मध्ये विसावा नाही. तेव्हा ‘मीडियंट म्हणजे करुण’ अशी नोंद वहीत असेल तर ती खोडा.

क्विंटेट पुढे ऐकताना रिकॅपिच्युलेशनकडे कान ठेवा. तीच चेलोची धून तिथे ए फ्लॅट मेजरमध्ये येते. या वेळी समान स्वर पंचम नाही, खुद्द मूळ षड्ज आहे, आणि शूबर्ट त्यालाच गंधार करतो.