कबुलीजबाब नावाचे वाङ्मय

कथा, कादंबरी, नाटक, आत्मचरित्र यांची चर्चा दिवाळी अंकांतून दरसाल होते. कबुलीजबाबाकडे वाङ्मय म्हणून कुणी पाहत नाही. वास्तविक त्यात सारे काही असते. 'मी' असतो, बालपण असते, वाईट संगत असते, प्रवास असतो, कट असतो आणि अखेरीस पश्चात्तापही असतो. प्रथमपुरुषी निवेदनाचा इतका काटेकोरपणा आम्हां कादंबरीकारांना क्वचितच साधतो. फरक एवढाच, की कादंबरी फसली तर प्रकाशकाचे पैसे बुडतात. कबुलीजबाब फसला, किंवा त्याहून वाईट म्हणजे फसलेला असूनही खपला, तर माणसाचे अर्धे आयुष्य बुडते.

११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर लोकल गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले. १८०हून अधिक माणसे मेली. तेरा मुसलमान तरुणांवर मोक्का कायद्याखाली खटला चालला. २०१५ साली त्यांतला एक सुटला, पाच जणांना फाशी झाली, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी एक जण २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात वारला होता. तो निर्दोष ठरला तो मेल्यानंतर.

त्या निकालातला कबुलीजबाबांचा भाग मला एखाद्या उत्तम टीकालेखासारखा वाटला. अकरा जणांचे कबुलीजबाब होते. न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांनी ते एकमेकांशेजारी ठेवून तपासले, तेव्हा काही मजकूर सारखाच, एकावरून दुसरा उतरवून काढल्यासारखा निघाला. मारहाण झाल्याच्या आरोपींच्या तक्रारीला वैद्यकीय कागदपत्रांचाही आधार मिळाला. कबुलीजबाब पूर्ण नाहीत आणि खरेही नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

शाळेत वर्षानुवर्षे निबंध तपासणाऱ्या माणसाला ही पद्धत चांगली ओळखीची आहे. एका बाकावरच्या दोन मुलांनी 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध लिहिला, आणि दोघांचीही आजी त्याच दिवशी त्याच पायरीवरून घसरली, तर मास्तर काय समजायचे ते समजतो. आज्या घसरतात, पायऱ्याही निसरड्या असतात. पण दोन मुले एकच प्रसंग कधी एकाच वाक्यात सांगत नाहीत. एक पायरीपासून सुरुवात करील, दुसरा आजीच्या ओरडण्यापासून. माणसाच्या बोलण्याला त्याची स्वतःची चाल असते. अकरा माणसे, कुणी थोडे शिकलेला, कुणी पुष्कळ, आणि त्यांचे शब्द एकाच साच्यातून निघावेत? तिथे लेखक दुसराच कुणी असतो. त्याचे नाव मात्र कुठेच छापलेले नसते.

म्हणूनच की काय, १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात मुळी आणूच द्यायची नाही असे ठरवले. तो कायदा करणारे इंग्रज काही आपल्या लोकांचे कैवारी नव्हते. पण आपल्याच पोलिसांच्या हातात काठी असते आणि कबुलीला ती फार लवकर सापडते, एवढे त्यांना कळत होते. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, त्यातही ते कलम राहिले. परंतु टाडाने ही आडकाठी काढून टाकली, नंतर पोटाने काढली, आणि १९९९ साली आपल्या महाराष्ट्राने केलेल्या मोक्कानेही काढली. पोलीस अधीक्षकाच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली या कायद्याने पुरावा ठरते. टाडा १९९५ साली संपला, पोटा २००४ साली रद्द झाला, मोक्का राहिला. हुद्दा वाढला की काठी हलकी होते, अशी या कायद्याची समजूत दिसते.

आता या तुरुंगांतून बाहेर आलेल्या पुस्तकांकडे वळतो. दिल्लीचे मोहम्मद आमिर खान यांनी नंदिता हक्सर यांच्यासह लिहिलेले इंग्रजी आत्मकथन २०१६ साली प्रसिद्ध झाले. १९९८ च्या फेब्रुवारीत, विशीतल्या या पोराला रस्त्यावरून उचलले गेले, आणि दिल्ली व आसपासच्या बाँबस्फोटांचे एकोणीस खटले त्याच्यावर लादले गेले. खटल्यामागून खटल्यात तो सुटत गेला, पण तुरुंगातून बाहेर आला तो २०१२ च्या जानेवारीत. जवळजवळ चौदा वर्षे! मधल्या काळात वडील वारले. आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली.

या पुस्तकात कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्याची हकीकत आहे. ती वाचताना मी थांबलो. सही ही लेखनाच्या शेवटी येते; आधी मजकूर, मग नाव. इथे आधी नाव लिहून घेतले आणि मजकुराला जागा मोकळी ठेवली. मी कादंबऱ्या लिहितो, पण पात्राची सही आधी घेऊन मग त्याला बोलायला लावण्याची सोय मला अजून सापडलेली नाही.

पुस्तक म्हणून आमिर यांचे लेखन साधे आहे. अलंकार जवळजवळ नाहीत, आणि राग तर इतका कमी आहे की वाचकालाच त्यांच्या वाटणीचा राग यावा. काही ठिकाणी मला हा समंजसपणा जरा जास्त वाटला. पण मग ध्यानात येते की सुटून आलेल्या मुसलमान माणसाला रागावण्याचीही मुभा नसते. तो चिडला तर लोक म्हणणार, "बघा, पोलिसांचा संशय अगदीच काही चुकीचा नव्हता." तेव्हा त्या सौम्य भाषेत स्वभाव किती आणि सावधपणा किती, हे वाचकाने आपल्यापुरते ठरवावे. मला दोन्ही दिसतात.

अब्दुल वाहिद शेख यांचे 'बेगुनाह कैदी' याच्या अगदी उलट आहे. मुंबईच्या खटल्यात २०१५ साली सुटलेले ते एकटे. पेशाने शाळाशिक्षक, माझ्याच धंद्यातला माणूस, म्हणून मी ते पुस्तक जरा अधिक आपलेपणाने आणि अधिक कडकपणेही वाचले. मूळ उर्दूतले हे लेखन पुढे हिंदी व इंग्रजीतही आले. याला आत्मचरित्र म्हणावे तर पुरते नाही. अर्धे आरोपपत्राचे खंडन, अर्धे छळाच्या पद्धतींचे वर्णन. रचना विस्कळीत आहे, पुनरुक्ती पुष्कळ आहे, आणि लेखक मधूनच वर्गात उभा राहून शिकवायला लागतो. एखाद्या चोखंदळ संपादकाने यातली शंभर पाने सहज उडवली असती. पण ती उडवली असती तर पुस्तक सुबक झाले असते आणि खोटे वाटले असते. सुटलेला माणूस आत राहिलेल्या बारा जणांसाठी लिहीत होता. त्याला सुबकपणा परवडणारा नव्हता. त्यांच्यावर सुदर्शन गमरे यांनी २०२२ साली 'हेमोलिंफ' हा चित्रपट काढला. त्यात तळमळ आहे. पण छळाच्या दृश्यांपेक्षा पुस्तकातले कोरडे तपशील मला जास्त झोंबले.

तिसरे पुस्तक अहमदाबादच्या मुफ्ती अब्दुल कय्यूम यांचे, 'ग्यारह साल सलाखों के पीछे'. २४ सप्टेंबर २००२ रोजी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर हल्ला झाला. दोन्ही हल्लेखोर तिथेच मारले गेले. त्यांच्या पँटच्या खिशांत उर्दू पत्रे सापडली, ती मुफ्तींनी लिहिली, असा आरोप होता. त्यांना फाशीची शिक्षा झाली. १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना सोडले, आणि त्या निकालात या पत्रांविषयी जे म्हटले आहे ते कथालेखकांनी मुद्दाम वाचावे. प्रेते गोळ्यांनी चाळण झालेली, कपडे रक्ताने भिजलेले. आणि खिशातले कागद मात्र ना मळलेले, ना रक्ताचा डाग, ना छिद्र! वास्तवाचा इतका ढळढळीत भंग एखाद्या नवशिक्याच्या रहस्यकथेतही संपादक खपवून घेणार नाही. खालच्या दोन कोर्टांत तो खपला. सुटलेल्यांनी पुढे नुकसानभरपाई मागितली, ती २०१६ साली नाकारण्यात आली. तसा पायंडा पडणे धोक्याचे, असे कारण सांगितले गेले. हे कारण मला अजिबात पटत नाही. पायंड्याची धास्ती वाटते, याचा अर्थ मागणारे पुष्कळ निघतील हे ठाऊक आहे.

अशा वेळी घरात कुणीतरी हटकून विचारतो, "आणि लोकलमध्ये मेले त्यांचे काय?" प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. संध्याकाळी घरी निघालेली ती माणसे होती. त्यांच्या बायकामुलांनी एकोणीस वर्षे वाट पाहून हा निकाल ऐकला आणि पुन्हा रिकाम्या हाती राहिली. पण त्यांना रिकाम्या हाती कुणी ठेवले? सोडणाऱ्या न्यायाधीशांनी नव्हे. शंभर दिवस गप्प राहिलेल्या टॅक्सीवाल्याला एका उतारूचा चेहरा अचानक आठवतो, ओळखपरेड ज्याला अधिकार नाही असा माणूस घेतो. असला पुरावा ज्यांनी कोर्टापुढे ठेवला, त्यांनीच या मेलेल्यांचा खटला हरवला. राज्य शासन लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने हा निकाल इतर मोक्का खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले. सुटलेल्यांना परत तुरुंगात मात्र धाडले नाही.

मालेगावची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर बड्या कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे मेली. पकडले गेले ते मुसलमानच. आपल्याच सणाला, आपल्याच कब्रस्तानाशी, आपलीच माणसे मारायची, का, तर दंगे पेटावेत म्हणून, असे ते कथानक. पुढे तपास राष्ट्रीय यंत्रणेकडे गेला आणि तिने वेगळ्याच लोकांवर आरोप ठेवले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्या मुसलमान आरोपींना खटल्यातून वगळले, आणि जुन्या नोंदी होत्या म्हणून त्यांना बळीचा बकरा केले, अशा अर्थाचे निरीक्षण नोंदवले. जुन्या नोंदी! स्फोट झाला की ठाण्यातली यादी निघते, आणि यादीत नाव असणे हाच पुराव्याचा पहिला धडा होतो.

त्याच मालेगावात २९ सप्टेंबर २००८ रोजी पुन्हा स्फोट झाला, सहा जण मेले. त्यात हिंदू आरोपी होते. ३१ जुलै २०२५ रोजी, रेल्वे निकालानंतर अवघ्या दहा दिवसांनी, तेही सातजण पुराव्याअभावी सुटले. मी ज्या नियमाची बाजू घेतो आहे तो त्यांनाही लागू आहे, हे स्पष्ट लिहितो. त्या दहा दिवसांत पुष्कळांनी एका निकालाला न्याय म्हटले आणि दुसऱ्याला अन्याय. कुणी कोणत्या निकालाला काय म्हटले, हे ज्याने त्याने आपल्याच घरात आठवून पाहावे.

चित्रपटांपैकी दोन महत्त्वाचे. अनुराग कश्यप यांचा 'ब्लॅक फ्रायडे' २००४ साली तयार होता, पण १९९३ च्या बाँबस्फोटांच्या आरोपींनी हरकत घेतली, आणि टाडा न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत उच्च न्यायालयाने त्याचे प्रदर्शन थांबवले. तो लागला २००७ च्या फेब्रुवारीत. चित्रपट विलक्षण ताकदीचा आहे. पोलिसांच्या कोठडीतली मारहाणही त्याने लपवलेली नाही. तरीही ती मनाई मला योग्य वाटते, आणि लेखक असून मी हे म्हणतो याचे काही मित्रांना नवल वाटते. आरोपीचे खरे नाव घेऊन पडद्यावर त्याच्याकडून गुन्हा करवून घ्यायचा, आणि इकडे कोर्टात त्याचा निकाल बाकी, हे बरे नव्हे. आक्षेप घ्यायचा तर याला घ्यावा, की वर्तमानपत्रे तेच काम रोज सकाळी करीत होती आणि त्यांना कुणी अडवले नाही.

दुसरा हंसल मेहता यांचा 'शाहिद'. वकील शाहिद आझमी यांची ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यात त्यांच्या कचेरीत गोळ्या घालून हत्या झाली. वय अवघे बत्तीस. २६/११ च्या खटल्यातल्या फहीम अन्सारी यांचे ते वकील होते. तो आरोपी त्याच वर्षी सुटला आणि वरची दोन्ही न्यायालये त्या सुटकेवर ठाम राहिली. राजकुमार राव यांचा अभिनय सगळ्यांनी वाखाणला, त्यात मी भर घालीत नाही. मला या चित्रपटातले कोर्ट आवडले. अरुंद खोली, कागदांचे ढीग, वकिलांची एकमेकांवर खेकसाखेकस. टाळ्यांचे एकही भाषण नाही. आणि नायक धुतल्या तांदळासारखा नाही. पोरवयात तो दंगलीनंतर पेटून काश्मिरात शस्त्रांच्या छावणीत गेला, नको वाटून परत आला, टाडाखाली तिहारमध्ये राहिला, आतच शिकला. निष्पापाची कीव करायला प्रेक्षकाला काहीच पडत नाही. ज्याच्याविषयी मनात थोडी शंका आहे त्यालाही वकील, उलटतपास आणि पुरावा मिळाला पाहिजे, हे पटवणे अवघड; ते हा चित्रपट पटवतो.

सुटीत घरात वाचायचे असेल तर आमिर यांचे पुस्तक आधी घ्यावे. मॅट्रिकच्या वर्गातल्या मुलाला जेमतेम इंग्रजी येत असले तरी ते झेपेल. वाहिद यांच्या पुस्तकातली कोठडीची प्रकरणे मात्र मोठ्यांनी आधी वाचून मगच मुलांच्या हाती द्यावीत. मी ती रात्री वाचली होती. रात्री वाचू नयेत.