बाटलीची मागची बाजू

एका नटीच्या ब्रँडचं केशर सीरम मी महिनाभर लावलं. बोईसरच्या घामातही ते चिकट वाटलं नाही, त्वचा मऊ झाली. सीरम वाईट नाही. माझं भांडण त्याच्या लेबलशी आहे.

पुढे केशराचं चित्र आणि नटीची सही. आई तारापूर एमआयडीसीत औषधांच्या पॅकिंगला जाते. तिने बाटली उलटी केली. "पुढचं काय वाचतेस गं, मागचं वाच."

मागे घटक असतात, जास्त ते आधी. पाणी, ग्लिसरीन, नायसिनामाइड. केशर थेट फिनॉक्सीइथेनॉलच्या मागे. हे सीरम टिकावं म्हणून घालतात, जास्तीत जास्त 1 टक्का. म्हणजे केशर फार तर तेवढंच. मऊपणा ग्लिसरीनचा, किंमत केशराची आणि चेहऱ्याची. ती आईच्या चार दिवसांच्या पगाराएवढी.

1941 मध्ये लक्सच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या, तशा पहिल्या भारतीय नटी. पण साबण दुसऱ्याचा होता. आजची नटी मालकीण आहे. मग सही पुढे केलीस, तर मागचा मजकूरही तुझाच ना?

बाटली संपली की मी आजीच्या ग्लिसरीन-गुलाबपाण्यावर येणार. त्यावर कुणाची सही नाही.