प्रयोगपुस्तिकांतील वाक्यरचना आणि बालकांची सुरक्षितता

लहान मुलांसाठी मराठीत ज्या प्रयोगपुस्तिका लिहिल्या जातात त्यांचे परीक्षण बहुधा विज्ञानाच्या अंगाने होते. प्रयोग बिनचूक आहे की नाही, साहित्य स्वस्त आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. पुस्तिकेतील वाक्य मुलाच्या हाताला कोणत्या क्रमाने हालचाल करावयास लावते, हा प्रश्न मात्र भाषेचा आहे, आणि सुरक्षिततेचा पुष्कळसा भाग त्यातच अडकलेला आहे.

उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड ओळखण्याचा सर्वपरिचित प्रयोग घ्यावा. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले असता निवळी दुधाळ होते. रूढ साच्यात लिहिलेली या प्रयोगाची सूचना अशी होईल : 'नळीचे एक टोक निवळीत बुडवून दुसरे टोक तोंडात धरावे व हळूहळू फुंकावे.' व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. परंतु मराठीत क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते. त्यामुळे नळी तोंडात गेल्यानंतरच तिचे करावयाचे काय हे उलगडते. अक्षरे जुळवीत वाचणारे सात-आठ वर्षांचे मूल मधली रिकामी जागा स्वतःच्या अनुभवाने भरून काढते, आणि नळीचा त्याचा अनुभव ओढून पिण्याचा असतो. निवळी दिसावयास पाण्यासारखी असली तरी ती तीव्र अल्कधर्मी असून तोंडाला व घशाला बाधते. निषेधार्थी वाक्यांत ही अडचण अधिकच वाढते. 'चुना बोटाने ढवळू नये' या वाक्यातील सारा निषेध शेवटच्या एका शब्दात आहे. त्याच्या आधीचे सर्व शब्द ढवळण्याचेच चित्र उभे करतात.

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत हा दोष विशेष जाणवतो. येथील बहुसंख्य मुले वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या समाजांतील आहेत. त्यांच्या घरची बोली एक, पाठ्यपुस्तकाची मराठी दुसरी. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात वारली व कातकरी यांची नोंद १९०५ साली निघालेल्या मराठीच्याच खंडात झाली. हे सान्निध्य शाळेत उपकारक ठरण्याऐवजी फसवे ठरते. भाषा पूर्णतः परकी असती तर शिक्षक अर्थ सांगण्यासाठी थांबला असता; येथे मुलाने मान डोलावली की त्याला कळले असे गृहीत धरले जाते. यावर पुस्तिकांचे बोलीत रूपांतर करावे, असा उपाय सुचविला जातो. तो शब्दांपुरता उपयुक्त आहे, आणि व्हावयासही हवा. तथापि या बोलींतही क्रियापद अखेरीसच येते, हे विसरून चालणार नाही. शब्द घरचे झाले तरी सूचना हातापेक्षा उशिराच पोहोचणार.

'मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली' हा पुस्तिकांतील आणखी एक ठरीव वाक्प्रयोग. तो लिहिला की लेखकाची जबाबदारी संपते! दिवाळीनंतर या भागातील कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर रोजगारासाठी जातात. मुले मागे राहिली तर आजीपाशी राहतात. तेथे हा वाक्प्रयोग कोणाला उद्देशून आहे?

स्वस्त साहित्यातून प्रयोग करण्याची परंपरा मोठी आणि आदरणीय आहे. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतील शिक्षकांसाठी जे. पी. स्टीफन्सन यांनी १९४८ साली केलेल्या पुस्तिकेतून पुढे युनेस्कोचा १९५६ सालचा विज्ञानशिक्षणाचा ग्रंथ उभा राहिला. अरविंद गुप्ता यांनी १९७८ पासून, होशंगाबादच्या विज्ञान-कार्यक्रमाशी संबंध आल्यानंतर, काड्यापेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून जे निर्माण केले ते मराठी शाळांपर्यंतही पोहोचले. परंतु अनुकरण करणाऱ्यांनी या परंपरेतून एक चुकीचे समीकरण उचलले : जे घरात सापडते ते निर्धोक. जव्हार-मोखाड्याचे मूल चुलीपाशी वाढते. नागली-वरईच्या रोपांसाठी राब भाजताना ते पाहते. विस्तवाची रीत त्याला पुस्तिकेच्या लेखकापेक्षा अधिक ठाऊक असण्याचा संभव आहे. तरीही सूचनांचा भर विस्तवावर, आणि चुन्याविषयी मौन. चुना तंबाखूच्या डबीत असतो, म्हणून तो परिचित. पण डोळ्यात उडालेला चुना दृष्टी घालवू शकतो, कारण अल्क आम्लापेक्षाही खोल शिरते. अशा वेळी तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुणे हाच पहिला उपचार. मोखाड्यात उन्हाळ्यात पाण्याची जी ओढ असते ती लक्षात घेता, भरलेली कळशी हे साहित्याच्या यादीतील पहिले नाव असावयास हवे. वस्तुतः हळदीच्या कागदाचा रंग पालटून दाखविण्यासाठी चुन्याची गरजही नाही. साबण लागताच लाल होणारा हळदीचा डाग प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो.

या बाबतीत कोसबाडचा दाखला उद्बोधक आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आरंभिलेले बालशिक्षणाचे कार्य १९५७ साली डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागड्या माँटेसोरी साधनांच्या जागी तेथे दगडगोटे, बिया, शिंपले आले. स्वस्ताई हा त्यातील लहान भाग. माँटेसोरी पद्धतीत शिक्षिका कमीत कमी शब्दांत, हाताने कृती करून दाखविते, आणि चूक दाखविण्याची सोय साधनातच असते. प्रयोगपुस्तिकांनी घ्यावयाचे ते हे तत्त्व. निवळीच्या प्रयोगात नळीच्या वरच्या टोकाशी, ओठांच्या खाली, एक लहानसे छिद्र पाडून ठेवले तर फुंकताना विशेष अडचण येत नाही. ओढले असता मात्र त्या छिद्रातून हवा आत येते आणि निवळी वर चढत नाही. वाक्य उशिरा कळले तरी नळी आधीच सावध असते.

सर्वच प्रयोगांत अशी सोय करता येत नाही. सूर्याकडे रोखलेल्या भिंगाला छिद्र पाडता येत नाही. तेथे शब्दच हवा. पण तो भिंग हाती देण्यापूर्वी हवा, आणि 'पाहू नये' अशा लेखी वळणापेक्षा बोलण्यातील 'नको' पुढे घेऊन, शिक्षकाच्या तोंडून.